चोळणं नव्हे, दाबणं: जपानमध्ये पहिल्यांदा शिआत्सू घ्यायला जाताना

मालिश म्हटलं की आपल्याला आधी तेल आठवतं. दिवाळीच्या पहाटे आईने टाळूवर थापलेलं, मालिशवाल्या मावशींनी बाळंतिणीला नि बाळाला रगडून लावलेलं, चौपाटीवर बाटल्या किणकिणवत फिरणाऱ्याच्या हातातलं. त्यामुळे टोकियोत पहिल्यांदा अंग दाबून घ्यायला गेलो तेव्हा मी घरून जुनी बनियन आणि तेल पुसायला टॉवेल घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या पिशवीकडे बघितलं, हसू दाबलं आणि धुतलेल्या सैल सदरा-पायजम्याची घडी माझ्या हातात ठेवली. तेल नाही, जेल नाही, अंगावरचे कपडे काढून उघडं पडायचं नाही. उलट त्यांनी दिलेले घालायचे.

टोकियोतल्या निशी-कासाईला प्रोजेक्टवर राहणारे, चेरी फुलायच्या दिवसांत सहलीला जाणारे, किंवा पुण्यातल्या एखाद्या स्पाच्या दरपत्रकावर ‘शिआत्सू’ वाचून बुचकळ्यात पडलेले, अशा सगळ्यांना उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय.

आधी त्या जेलचं बघू

‘जपानी फुल बॉडी जेल मसाज’ असं शोधून इथवर आला असाल तर एक गोष्ट स्वच्छ सांगतो. ‘नुरू’ या नावाने जे विकलं जातं त्याचा जपानच्या उपचारपरंपरेशी संबंध नाही. जपानीत ‘नुरुनुरु’ म्हणजे बुळबुळीत, निसरडं. हा प्रकार तिथल्या देहविक्रीच्या धंद्यातून आला. तिथे तो वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या गल्ल्यांत चालतो आणि मसाजचं शिक्षण घेतलेल्या माणसाचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. ‘त्वचा उजळते’, ‘विषद्रव्यं बाहेर पडतात’ वगैरे मजकूर नुसती सजावट. आपल्याकडच्या शहरांत या नावाने ज्या जाहिराती फिरतात, त्यांतल्या आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून तर दोन हात लांबच राहा. पैसे जातात, वर धमकीचे फोन येतात, आणि तक्रार करायची तर लाज आडवी येते.

टोकियोत काबुकिचोसारख्या भागात रात्री ‘मासाजी, मासाजी’ म्हणत बोलावणारे भेटतात. अशा दलालांच्या मागे जाऊ नका, असं तिथे भोंग्यावरून सतत सांगितलं जातं. ते ऐकावं. चांगल्या हाताच्या माणसाला रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक गोळा करावं लागत नाही.

मग खरं जपानी काय?

मुख्य शब्द दोन: अन्मा आणि शिआत्सू. अन्मा जुना. चीनमधून आलेला. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या जपानी राज्यसंहितेत अन्मा शिकवणाऱ्याचं सरकारी पद होतं. यात मळणं, चोळणं, थोपटणं, मुठी आपटणं सगळं येतं, पण तेलाशिवाय आणि कापडावरून. शिआत्सू विसाव्या शतकातला. ‘शि’ म्हणजे बोट, ‘आत्सू’ म्हणजे दाब. नावातच सगळं आलं. यात चोळणं जवळपास नाहीच. अंगठा ठेवायचा, अंगाचा भार हळूहळू त्यावर सोडायचा, तीन ते पाच सेकंद तिथेच थांबायचं, तितक्याच हळू उचलायचा, पुढच्या जागी जायचं. बस.

मराठीत आपण चोळणं, रगडणं, चेपणं आणि दाबणं यांत फरक करतो. आजीचे पाय कोणी चोळत नाही, चेपतात. शिआत्सू त्या चेपण्याचा अभ्यासू भाऊ आहे असं समजा. तेल लावलं की बोट घसरतं, आणि घसरणाऱ्या बोटाने एका जागी सरळ दाब देता येत नाही. तेल नसण्याचं कारण एवढं साधं आहे.

शिआत्सूला आजचं रूप दिलं नामिकोशी तोकुजिरो (1905–2000) यांनी. लहानपणी होक्काइदोच्या थंडीत आईचे सांधे धरले, औषध मिळेना, म्हणून मुलं आळीपाळीने तिचं अंग दाबत. त्यात या मुलाच्या हाताने तिला सर्वांत जास्त बरं वाटे, अशी ती गोष्ट. 1940 मध्ये त्यांनी टोकियोत शाळा काढली. 1954 मध्ये मधुचंद्रासाठी जपानला आलेल्या मॅरिलिन मन्रोवर त्यांनी उपचार केले आणि शिआत्सूचं नाव जगभर गेलं. पुढे मासुनागा शिझुतो (1925–1981) यांनी पोटाच्या तपासणीवर आणि ऊर्जावाहिन्यांच्या कल्पनेवर भर देणारी शाखा काढली. युरोप-अमेरिकेत जे ‘झेन शिआत्सू’ दिसतं ते त्यांचं. जपानमधल्या साध्या दवाखान्यात मात्र तुम्हाला बहुधा नामिकोशींच्या वळणाचा हात भेटेल, आणि त्यात थोडा अन्मा मिसळलेला असेल.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा रेंगाळतो. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) अन्मा हा मुख्यतः अंध लोकांचा व्यवसाय होता. रात्री गल्लीतून बारीक शिट्टी वाजवत अन्मा करणारा जाई आणि दमलेला दुकानदार त्याला हाक मारी. सुगियामा वाइचि (1610–1694) या अंध वैद्याने सुई टोचण्यासाठी बारीक नळीची युक्ती काढली. ती नळी आजही जपानी अॅक्युपंक्चरवाले वापरतात. शोगुन, म्हणजे लष्करी शासक, त्सुनायोशीवर उपचार करणारा आणि अंधांसाठी शिक्षणाची सोय करणारा माणूस हाच. आजही जपानच्या अंधशाळांत हा अभ्यासक्रम शिकवतात. अंधांची रोजीरोटी जाऊ नये म्हणून डोळस विद्यार्थ्यांसाठी अशा नव्या संस्था उघडण्यावर सरकारला मर्यादा घालता येते. ही तरतूद घटनेला धरून आहे असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये दिला. त्यामुळे तुमचा नंबर लागला आणि समोरचे सेन्सेइ, म्हणजे दाबणारे गुरुजी, अंध निघाले तर दचकू नका. मला मिळालेला सर्वांत चांगला हात अशाच एका वयस्कर गृहस्थांचा होता. मी कुठे दुखतंय ते सांगायच्या आत त्यांचा अंगठा उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाऊन थांबला होता.

कुठे जायचं

इथे बहुतेकांची फसगत होते, कारण पाट्या वाचता येत नाहीत आणि भाषांतराचं अॅप सगळ्यालाच ‘मसाज’ म्हणतं. 1947 च्या कायद्याप्रमाणे अन्मा, मसाज आणि शिआत्सू हा व्यवसाय करायला राष्ट्रीय परवाना लागतो. किमान तीन वर्षांचं शिक्षण, मग परीक्षा. परवानाधारकाच्या पाटीवर हे तीन शब्द असतात आणि आत भिंतीवर प्रमाणपत्र. डॉक्टरचं संमतिपत्र असेल तर अर्धांगवायू किंवा आखडलेले सांधे यांसारख्या तक्रारींवर इथे तिथला आरोग्य विमाही चालतो. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून धरलेल्या मानेसाठी चालत नाही. विचारून बघितलंय.

दुसरी जात म्हणजे ‘मोमिहोगुशी’, ‘रिलॅक्सेशन’, ‘बॉडी केअर’ अशा नावांची दुकानं. स्टेशनजवळ, मॉलमध्ये, पाटीवर मिनिटं आणि येन ठळक लिहिलेले. परवाना नसल्याने ती ‘मसाज’ हा शब्द टाळतात. ती वाईट असतात असं मुळीच नाही. नुसता थकवा घालवायचा असेल तर पुष्कळदा पुरतात. पण हात नशिबावर. स्वस्तातल्या ठिकाणी तासाला साधारण 3,000 ते 4,500 येन, परवानाधारकाकडे 6,000 च्या आसपास आणि वर, मोठ्या हॉटेलात खोलीवर बोलावलं तर त्याच्या दीडपट-दुप्पट. कंबरेत कळ मारतेय, पायाला मुंग्या येताहेत, असं काही असेल तर पैसे वाचवायला जाऊ नका. आधी डॉक्टर, मग परवानाधारक.

तिसरी पाटी ‘सेक्कोत्सुइन’. ही मुरगळणं, लचक, मुका मार यांवरची. तिथला माणूसही परवानाधारक, पण परवाना वेगळा.

चौथी जागा माझ्या आवडीची: मोठी सार्वजनिक स्नानगृहं, ज्यांना सुपर सेन्तो म्हणतात, आणि गरम पाण्याच्या झऱ्यांवरची रयोकान, म्हणजे जुन्या पद्धतीची निवासगृहं. आधी 40–42 अंशांच्या पाण्यात डुंबायचं, मग तिथल्याच खोलीत अंग दाबून घ्यायचं. पाण्यात उतरण्याआधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, पोहण्याचा पोशाख घालायचा नाही, छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. गोंदण असेल तर अनेक ठिकाणी प्रवेश नाही, हे आधीच विचारून घ्या. सेन्तोमध्ये ‘आकासुरी’ नावाचा आणखी एक प्रकार दिसेल. मूळ कोरियन. ओल्या गादीवर झोपवून खरखरीत हातमोज्याने मळ काढतात. तिथे मात्र अंगावर कपडे नसतात, पुरुषांकडे आणि स्त्रियांकडे सोय वेगळी असते. अंगावरून निघालेल्या शेवया बघून आपल्या उटण्याचा अभिमान जरा गळतो.

वेळ ठरवणं आणि निघणं

पहिल्यांदा जाताना 40 किंवा 60 मिनिटं घ्या. दीड-दोन तासांचा मोह टाळा, कारण अंगाला हा दाब किती मानवतो ते तुम्हालाच माहीत नसतं. वेळ फोनवर किंवा ऑनलाइन ठरवता येते. दाबणारी व्यक्ती स्त्री हवी की पुरुष हे आधीच सांगायचं, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. ‘जोसेइ नो काता दे ओनेगाइशिमास’ म्हणजे बाई द्या, ‘दान्सेइ’ म्हणजे पुरुष. विशिष्ट माणूस मागितला तर ‘शिमेइ’ म्हणून काही येन जास्त पडतात.

जेवून दीड-दोन तास झालेले असावेत. दारू घेऊन जाऊ नये. दहा मिनिटं आधी पोचा. उशीर झाला तर तेवढी मिनिटं तुमच्याच वेळातून कापतात आणि फार उशीर झाला तर ठरलेली वेळच जाते. मोजे धड असावेत, कारण चपला-बूट दारातच निघतात. फाटक्या मोज्यातून डोकावणारा अंगठा घेऊन मी एकदा त्या लाकडी पायरीवर उभा राहिलोय.

आत गेल्यावर

एक कागद भरायला देतात. नाव, वय, कुठे दुखतं, आधीची शस्त्रक्रिया, रक्तदाब, औषधं, गरोदरपण. त्यावर माणसाचं चित्र असतं, समोरून आणि पाठीमागून. दुखऱ्या जागी गोल करायचे. भाषा येत नसली तरी हे चित्र अर्धं काम करतं. इथे खोटं लिहू नका. आपल्याला ‘बीपी वगैरे काही नाही हो’ म्हणायची सवय असते, ती घरी ठेवून या.

मग कपडे बदलायचे. अंतर्वस्त्रं अंगावरच राहतात. घड्याळ, साखळी, कानातलं, पट्टा काढून टोपलीत. मंगळसूत्रही काढावं लागतं, कारण मानेच्या मणक्यांजवळ अंगठा ठेवताना ते रुततं. काढायचं नसेल तर तसं सांगा, ते मान वगळून काम करतील, पण मग पैसे निम्मेच वसूल झाले म्हणायचे.

गादी जमिनीवरची असेल किंवा तोंडासाठी भोक पाडलेलं उंच टेबल. अंगावर पातळ सुती पंचा, ‘तेनुगुई’ किंवा टॉवेल अंथरतात आणि त्यावरूनच दाबतात. पंचा सरकला की लगेच सारखा करतात. ही अदब शेवटपर्यंत टिकते. टिकली नाही, हात नको तिथे गेला किंवा नको ती ‘जादा सेवा’ सुचवली गेली, तर उठून कपडे घालून बाहेर पडायचं. वेळ संपेपर्यंत थांबायचं कारण नाही.

पुढे तुम्हाला तीन शब्द कळले की पुरे. ‘उत्सुबुसे’ म्हणजे पालथं, ‘आओमुके’ म्हणजे उताणं, ‘योकोमुकि’ म्हणजे कुशीवर. सेन्सेइ हे म्हणतील आणि तुम्ही वळाल. चौथं वाक्य प्रत्येक भारतीयाला ऐकावं लागतं: ‘चिकारा ओ नुइते कुदासाइ.’ अंग सैल सोडा. कोणी हात उचलला की आपण मदत म्हणून स्वतःच उचलून धरतो. तसं करायचं नाही. हात ओल्या फडक्यासारखा सोडून द्यायचा.

सुरुवात बहुधा कुशीवर किंवा पालथं झोपवून होते. मानेची बाजू, खांद्याचा माथा, मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी एक एक जागा खाली उतरत कंबरेपर्यंत. कण्यावर थेट दाबत नाहीत, शेजारून जातात. कंबरेच्या खाली, बैठकीच्या हाडाच्या वर बाजूला एक जागा असते, तिथे दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस हमखास कळवळतो. मग मांडीचा मागचा भाग, पोटरी, घोटा, तळवा. उताणं झाल्यावर पायांचा पुढचा भाग, हात, तळहात आणि काही ठिकाणी पोट. पोट दाबणं आपल्याला विचित्र वाटतं, गुदगुल्याही होतात. नको असेल तर आधीच पोटावर हात ठेवून मान हलवा. शेवट डोकं, कपाळ, कधी बसवून खांदे. अन्माच्या वळणाचा माणूस असेल तर शेवटी दोन्ही तळवे पोकळ जोडून पाठीवर टाळ्यांसारखा आवाज काढतो. त्याने दुखत नाही, पण शेजारच्या पडद्यामागचा झोपलेला माणूस जागा होतो.

तीन ते पाच सेकंदांच्या त्या दाबात तुमचं काम काय? श्वास सोडणं. अंगठा आत जाताना श्वास बाहेर. रोखून धरलात तर स्नायू घट्ट होतो, सेन्सेइंना वाटतं इथे जास्त आखडलंय, ते आणखी दाबतात, तुम्ही आणखी रोखता. माझ्या पहिल्या वेळेचे चाळीस मिनिट याच झटापटीत गेले.

तोंड उघडा

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: किती जोरात, हे तुम्ही सांगायचं असतं. तेलमालिशीत बोट घसरत जातं, चुकलं तरी पुढच्या क्षणी पुढे गेलेलं असतं. शिआत्सूत दाब एका जागी थांबतो. चुकीचा असेल तर पाच सेकंद चुकीचाच राहतो, आणि तीच जागा दोनदा-तीनदा दाबली जाते. घरी धाकट्याकडून पाय चेपून घेताना ‘अरे, जोर कर जरा’ म्हणायला आपल्याला काही वाटत नाही. परक्या देशात परक्या माणसापुढे मात्र घशातून शब्द फुटत नाही, आणि जपानी अदबीपुढे तर आणखीच अवघडायला होतं.

मी गप्प राहिलो. स्टेशनजवळचं स्वस्त दुकान, तरुण दणकट मुलगा, त्याने मधे एकदा ‘दाइजोबु देस का?’ (ठीक आहे ना?) म्हणून विचारलंही. मी ‘हाइ, हाइ’ (हो, हो) केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोझाई लाइनवर गाडी बदलताना मान वळवता येईना, सबंध धड फिरवून फलाट बघायचो. तीन दिवस. त्याला जपानीत शब्दही आहे, ‘मोमिकाएशि’: दाबून घेतल्यावर उलटून येणारं दुखणं. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने विचारलं होतं.

तर पाठ करा. ‘योवामे दे ओनेगाइशिमास’ म्हणजे हळू. ‘त्सुयोमे’ म्हणजे जोरात. ‘चोउदो इइ देस’ म्हणजे आत्ता बरोबर आहे. ‘इताइ’ म्हणजे दुखतंय. ‘सोको वा यामेते कुदासाइ’ म्हणजे तिथे नको. ‘काता’ खांदा, ‘कुबि’ मान, ‘कोशि’ कंबर, ‘आशि’ पाय. ‘काता गा कोत्ते इमास’ (खांदे धरलेत) एवढं म्हणालात की समोरचा खूश. खांदे धरणं हा जपान्यांचा राष्ट्रीय आजार आहे, तुम्ही घरातलेच होऊन जाता.

‘इताकिमोचि इइ’ असाही एक सुंदर शब्द आहे: दुखतं पण बरं वाटतं. दाब तिथेच असावा. ओळखायची खूण अशी की दुखलं तरी श्वास चालू राहतो. श्वास अडकला, दात आवळले, पायाची बोटं वळली की तो दाब जास्त झाला. झिणझिण्या आल्या, वीज गेल्यासारखं झालं तर ती नस असते, लगेच सांगायचं.

संपल्यावर

‘ओत्सुकारेसामा देशिता’ असं ऐकू येतं, म्हणजे झालं, दमला असाल. झटकन उठू नका. कुशीवर वळा, एक मिनिट बसा, मग उभे राहा. रक्तदाब कमी असलेल्यांना भोवळ येते. गरम चहा किंवा पाणी देतात, ते घ्या. पैसे काउंटरवरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. टीप द्यायची नाही, दिलीत तर ते तुमच्या मागे धावत येऊन परत देतील. आणखी वेळ हवा असेल तर ‘एन्चो’ म्हणतात, पण ते मध्येच विचारतील तेव्हा पहिल्या वेळी नाहीच म्हणा.

त्या संध्याकाळी जड व्यायाम नको, दारू नको. अंग जड वाटेल, लवकर झोप येईल. दुसऱ्या दिवशी थोडं दुखणं चालतं. दोन-तीन दिवसांनीही कमी होत नसेल, हातापायातली शक्ती गेल्यासारखी वाटली, किंवा मान दाबल्यानंतर चक्कर, तीव्र डोकेदुखी, बोलताना अडखळणं असं काही झालं तर थेट इस्पितळ गाठायचं. जपानमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर 119.

कोणी जाऊ नये

ताप असताना, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असल्याचा संशय असताना (एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी), हाड मोडलेलं असताना, ताज्या शस्त्रक्रियेनंतर, त्वचेवर जखम वा पुरळ असताना जायचं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, कर्करोगाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरला विचारूनच. पक्षाघात होऊन गेलेल्यांनी मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला हात लावू देऊ नये. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, तिथे ‘दुखलं की सांगते’ हा नियम चालत नाही कारण दुखतच नाही. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना फिरायला नेऊन कौतुकाने गादीवर झोपवणाऱ्या मुलांनी हे आधी विचारात घ्यावं. गरोदर बायकांनी पहिले तीन महिने टाळावं आणि नंतरही प्रशिक्षित माणसाकडे, कुशीवर झोपूनच घ्यावं. ‘निन्शिन शितेइमास’ (मी गरोदर आहे) एवढं म्हटलं की ते काय करायचं ते ठरवतात. पुष्कळदा नाहीच म्हणतात. राग मानू नका.

शिआत्सूने मधुमेह जातो, सांध्यांची झीज भरून येते, असलं कोणी सांगितलं तर तिथून निघा. आखडलेलं सैल होणं, झोप लागणं, मन शांत होणं, एवढ्यासाठी जायचं. तेही काही थोडं नाही.

मुंबई-पुण्यात आणि घरी

आपल्याकडच्या स्पांत ‘शिआत्सू’ लिहून आत तेलाचीच मालिश देतात असा माझा अनुभव आहे. फोनवर तीन गोष्टी विचारा: कपडे अंगावर असतात का, तेल लागतं का, दाबणाऱ्याने शिआत्सू कुठे आणि किती काळ शिकलंय. पहिल्या दोघांची उत्तरं उलटी आली तर तिसरा विचारायची गरजच पडत नाही. तेलाची मालिश वाईट नाही, पण ती हवी असेल तर केरळी माणसाकडे जावं, जपानी नावाचे जादा पैसे का भरा.

घरच्या घरी थोडं जमतं. जपानीत दाबायच्या जागेला ‘त्सुबो’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये अशा 361 जागांची मान्य यादी छापली. त्यांतल्या दोन पुरेत. पहिली ‘गोकोकु’: हाताचा अंगठा आणि तर्जनी जिथे मिळतात तिथला मांसल उंचवटा, तर्जनीच्या हाडाच्या कडेकडे झुकून दाबायची. डोकं जड झालं की उपयोगी, गरोदरपणात मात्र परंपरेने वर्ज्य. दुसरी ‘आशि नो सान्रि’: गुडघ्याच्या वाटीखाली चार आडवी बोटं मोजा आणि नडगीच्या हाडापासून बाहेरच्या बाजूला एक बोट सरका. कवी बाशो 1689 च्या लांबच्या पायी प्रवासाला निघण्यापूर्वी याच जागी औषधी वनस्पतीचा शेक घेऊन निघाला होता. वारीहून परतलेल्या कोणाच्या पायांवर करून बघा.

दुसऱ्याचं अंग दाबायचं असेल तर बोटाच्या जोराने नव्हे, अंगाच्या भाराने. गुडघ्यांवर बसा, कोपर सरळ ठेवा, अंगठ्याचं टोक नव्हे तर पेराचा मऊ भाग टेकवा आणि पुढे झुका. दाब त्वचेला काटकोनात. मनात चारपर्यंत मोजा, मागे व्हा. घाई केली की ते नुसतं टोचणं होतं. कण्यावर, गळ्यावर, गुडघ्यामागच्या खळग्यात दाबायचं नाही. पंधरा मिनिटांत तुमचेच अंगठे दुखू लागतील. म्हणजे जोर बोटांतून लागतोय, पुढे झुकणं कमी पडतंय. आणि नखं कापून बसा. अंगठ्याचं नख वाढलेलं असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही समोरचा दुसऱ्या मिनिटाला ओरडून उठून बसतो.